स्वस्थ बसवत नाही तेव्हा : ताणलेल्या शरीराला शांततेकडे नेण्याच्या पायऱ्या

वीस मिनिटांचा गजर लावून मी मांडी घातली, डोळे मिटले आणि श्वास मोजायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या श्वासाला लक्षात आले की दात एकमेकांवर घट्ट रुतले आहेत. जबडा सैल सोडला, तर खांदे कानांपर्यंत चढलेले जाणवले. खांदे खाली आणले, तर पायांची बोटे आत वळलेली होती. एका ठिकाणी सोडलेला ताण दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसत होता. डोळे किलकिले करून घड्याळ पाहिले तेव्हा जेमतेम तीन मिनिटे झाली होती आणि छातीतली धडधड बसण्यापूर्वी होती त्याहून वाढली होती. ध्यान वगैरे आपल्या प्रकृतीला मानवत नाही, असा निष्कर्ष काढून मी त्या दिवशी उठलो. पुढे कळले की प्रकृतीचा काही दोष नव्हता, क्रम चुकला होता. जिना उतरायचा असताना मी वरून थेट तळाशी उडी मारायला गेलो होतो.

ताणाच्या वेळी कोणी "जरा शांत बस" म्हटले की ज्यांची चुळबूळ अधिकच वाढते, येरझारा घातल्याशिवाय ज्यांना राहवत नाही, अशा नवख्या वाचकांसाठी हा लेख आहे. यातला क्रम साधा आहे. आधी शरीराला हवी असलेली हालचाल त्याला द्यायची, मग ती लयीत आणून तिचा वेग उतरवायचा, अंगाला टेका द्यायचा, श्वास सोडणे लांबवायचे आणि सर्वांत शेवटी थोडा वेळ थांबून पाहायचे. दर वेळी सगळ्या पायऱ्या लागतातच असे नाही.

शरीर थांबायला तयार का नसते

धोका जाणवला की मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि पचनसंस्थेकडे जाणारे रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या साऱ्या बदलांची सांगड लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीशी घातली. ही तयारी सबंध शरीराने करायच्या कामासाठी असते. आपल्यासमोरचा धोका मात्र पुष्कळदा एखाद्या ई-मेलचा, जवळ आलेल्या मुदतीचा किंवा तपासणीच्या अहवालाचा असतो, आणि त्याला पळूनही उत्तर देता येत नाही व लढूनही नाही. म्हणजे सामान बांधून झालेले असते, पण निघायचे कोठे ते ठरलेले नसते. बसल्या जागी उडणारा गुडघा हा त्या न झालेल्या प्रवासाचा भाग असतो, असे समजले तरी त्याच्याविषयीचा राग कमी होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. अ‍ॅड्रेनलिन रक्तात फार टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे संप्रेरक मात्र सावकाश चढते. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिखरावर पोहोचते आणि उतरायला तास किंवा त्याहून अधिक वेळ घेते. त्यामुळे वादावादी संपल्यावर पाचव्या मिनिटाला शांत वाटत नसेल, तर तुमचे काही चुकलेले नसते. शिवाय झालेला प्रसंग मनात पुन्हा पुन्हा घोळवला की प्रत्येक उजळणीबरोबर नवे अ‍ॅड्रेनलिन येत राहते. नवख्या माणसाने स्वतःला निदान अर्धा तास द्यावा, हा या आकड्यांतून निघणारा व्यावहारिक अर्थ आहे.

तिसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. काही लोकांना सैल सोडण्याच्या प्रयत्नानेच भीती वाटू लागते. फ्रेडरिक हाइडे आणि थॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली या उलट परिणामाची नोंद केली आणि त्यानंतर त्यावर बराच अभ्यास झाला. जो माणूस कायम सावध राहून दिवस काढतो, त्याला सैल होणे म्हणजे पहारा सोडण्यासारखे वाटते. आणि डोळे मिटून बाहेरचे आवाज मागे पडले की आतली धडधड मोठी ऐकू येते. अशा वेळी नेटाने बसून राहणे ही चिकाटी ठरत नाही.

मनाची अस्थिरता अंगात उतरते, हे निरीक्षण जुने आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादातील ३१ वे सूत्र विक्षेपाबरोबर, म्हणजे मन विचलित होण्याबरोबर, येणाऱ्या गोष्टींमध्ये दुःख आणि दौर्मनस्य (मनाची खिन्नता) यांच्या जोडीने अंगमेजयत्व, म्हणजे अंगाचा कंप, आणि बिघडलेला श्वास यांचीही गणना करते. त्याच परंपरेतल्या आठ अंगांत आसन तिसरे, प्राणायाम चौथे आणि ध्यान सातवे आहे. आपण बहुतेक जण सातव्यापासून सुरुवात करतो.

सुरुवात करण्यापूर्वी

प्रत्येक अस्वस्थता ताणाचीच असते असे धरून चालू नये. छातीत दाब किंवा वेदना, ती हाताकडे अथवा जबड्याकडे सरकणे, धाप, थंड घाम, भोवळ यांपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. कारण नसताना वजन उतरणे, हात थरथरणे आणि उकाडा सहन न होणे या गोष्टी एकत्र दिसल्या तर थायरॉइडची तपासणी करून घेणे योग्य. मानसिक आजारांवरील काही औषधांमुळे, तसेच उलटी थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडमुळे, एका जागी बसवतच नाही अशी अवस्था येऊ शकते. तिला अकॅथिसिया म्हणतात. ती श्वासाच्या व्यायामाने जात नाही आणि औषध स्वतःहून बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच सांगावे. संध्याकाळनंतर, पडल्यावर पायांत विचित्र ओढ लागत असेल आणि पाय हलवताच बरे वाटत असेल, तर त्यामागे शरीरातील लोहाची कमतरता असू शकते.

कॅफीनचाही हिशेब करावा. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणून दुपारी चारच्या कपाचा मोठा हिस्सा रात्री नऊला अंगात शिल्लक असतो.

पहिली पायरी : अस्वस्थता कोणत्या जातीची आहे ते ओळखणे

काही करण्याआधी अर्धा मिनिट उभे राहावे आणि अंगाकडे पाहावे. उसळलेली अस्वस्थता ओळखायला सोपी असते: पाय थांबत नाहीत, बोलणे भरभर होते, हातात आलेली वस्तू उगाच उचलली-ठेवली जाते. आवळलेली अस्वस्थता बाहेरून शांततेसारखी दिसते, पण जबडा, पोट आणि मुठी घट्ट असतात आणि श्वास वरच्या वर चालतो. तिसरी, माझ्या मते सर्वांत फसवी, म्हणजे थकलेली अस्वस्थता. डोळे जळत असतात, अंग मोडून आलेले असते, तरी स्वस्थता नसते.

उसळलेल्या माणसाने पुढच्या पायरीपासून क्रमाने यावे. आवळलेल्याने पुढच्या पायरीतला फक्त भिंतीचा प्रकार करावा. थकलेल्याने मात्र ती पायरी सोडून सरळ तिसरीवर जावे, कारण दमलेल्या शरीराला आणखी पळवले तर ते शांत होण्याऐवजी अधिकच तारवटते. शेवटी, शून्य म्हणजे पूर्ण स्वस्थ आणि दहा म्हणजे असह्य, असे धरून आताचा आकडा मनाशी ठरवावा. तो पुढे उपयोगी पडतो.

दुसरी पायरी : शरीराला काम देणे

पाच ते दहा मिनिटे मोठ्या स्नायूंना खरे काम द्यावे. भरभर चालावे, जिना चढावा-उतरावा, जागच्या जागी गुडघे उचलावेत. किती जोर लावायचा याचे साधे माप असे की श्वास जड झालेला असावा, पण एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता यावे. व्यायामापेक्षा मी घरकामाला झुकते माप देतो. फरशी पुसणे, भरलेली बादली उचलून नेणे, ओले कपडे पिळणे यांत हाताला विरोध मिळतो, कामाचा शेवट डोळ्यांना दिसतो आणि "मी आता स्वतःला शांत करत आहे" हा विचार, जो स्वतःच एक ताण असतो, मध्ये येत नाही.

जेथे हालचाल करायला जागा नाही, किंवा शरीर उसळण्याऐवजी आवळले आहे, तेथे भिंत ढकलावी. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर टेकवावेत, एक पाय मागे घ्यावा, मागची टाच जमिनीवर दाबावी आणि भिंत खरोखरच सरकवायची आहे अशा बेताने जोर लावावा. जोर तळव्यांतून सुरू होऊन दंड, पाठ, मांडी आणि टाच असा खाली उतरत गेलेला जाणवतो. दहापर्यंत मोजेपर्यंत ढकलावे आणि मोजणी मोठ्याने करावी, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. श्वास रोखून जोर लावला तर रक्तदाब एकदम चढतो, म्हणून ही खबरदारी उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी विशेष पाळावी. मग जोर काढून घ्यावा, पण तळवे लगेच उचलू नयेत. भिंतीचा गारवा, तळव्यांतली ऊब आणि दंडांतला हलका कंप एवढे पाहून पुन्हा ढकलावे. चार-पाच वेळा पुरे होते. मला पहिल्यांदा या प्रकाराचा गुण आला तेव्हा तिसऱ्या खेपेला नकळत एक लांब सुस्कारा बाहेर पडला होता. आताही मी त्या सुस्काऱ्याची वाट पाहतो आणि तो आला की पुढच्या पायरीवर जातो.

येथे एक धोक्याची जागा आहे आणि ती टाळली नाही तर पुढचे सगळे वाया जाते. अस्वस्थतेत राग मिसळलेला असेल तर ज्याचा राग आला आहे त्याला मनात आणून उशीवर ठोसे मारणे किंवा त्याच्याशी मनातल्या मनात भांडत धावणे उलटे पडते. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, राग आणणाऱ्या व्यक्तीचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग काहीच न करता बसलेल्यांपेक्षा जास्त राहिला. पुढे २०२४ साली १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही शरीराची उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी राग कमी होत नाही आणि उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी होतो, असेच दिसले. म्हणून रागाच्या भरात धावायला जाऊ नये, चालायला जावे. आणि कोणत्याही कारणाने अस्वस्थ असलात, तरी हालचालीच्या वेळी लक्ष तळपायांवर, हातांवर किंवा कामावर ठेवावे.

अंग झटकून, हात सैल हलवून मोकळे करणे हाही अनेकांना मानवणारा प्रकार आहे. प्राणी असेच थरथरून भीती झटकून टाकतात आणि म्हणून आपणही टाकतो, असे त्याबरोबर हटकून सांगितले जाते. तेवढा सिद्धांत स्वीकारण्याची गरज नाही. मिनिटभर हात झटकल्यावर खांदे खाली येत असतील, तर तेवढ्यासाठीच झटकावेत.

तिसरी पायरी : लय आणि उतरता वेग

धावपळीतून एकदम खुर्चीत बसणे ही नवख्यांची नेहमीची चूक. मधला उतार महत्त्वाचा असतो, आणि माझ्या अनुभवात अर्धे काम तोच करतो.

चालत असाल तर पावले मोजावीत. चार पावलांत श्वास घ्यावा, सहा पावलांत सोडावा. हे प्रमाण जड वाटले तर तीन आणि चार असे ठेवावे. दर दोन मिनिटांनी चाल जाणूनबुजून थोडी मंदावावी. शेवटी इतक्या सावकाश चालावे की टाच टेकणे, तळवा टेकणे आणि बोटे उचलणे या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येतील. इतके मंद चालताना तोल किंचित डगमगतो आणि तो सावरण्यात लक्ष आपोआप पायांत जाते, मनाला तेथे ढकलत न्यावे लागत नाही. चालत करायच्या या साधनेला बौद्ध परंपरेत चंक्रमण म्हणतात. बसण्याच्या साधनेत कमी पडणाऱ्यांसाठी काढलेली ती पळवाट नव्हे. बसणाऱ्या भिक्षूंनीही ती पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे.

चालणे शक्य नसेल तर डोलावे. पाय खांद्यांइतके अंतरावर ठेवून उभे राहावे आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्यावे, किंवा खुर्चीत बसून पुढे-मागे हलावे. रडणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन आपण "शांत हो" असे समजावत बसत नाही, जोजवतो. प्रौढ शरीरही या बाबतीत फार बदललेले नसते. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली निरोगी तरुणांना हळुवार झुलणाऱ्या पलंगावर झोपवून पाहिले, तेव्हा त्यांना झोप लवकर लागली आणि गाढ झोपेचा काळ वाढला. त्या पलंगाचा वेग साधारण चार सेकंदांना एक झोका एवढा होता. डोलण्यासाठी तेवढी लय पुरेशी मंद आहे.

चौथी पायरी : टेका, वजन आणि आवळून सोडणे

आता बसावे किंवा आडवे व्हावे, पण अंग अधांतरी ठेवू नये. पाठ भिंतीला लागलेली असावी, पावले जमिनीला पूर्ण टेकलेली असावीत, मांडीवर एखादी जड उशी किंवा घडी घातलेले पांघरूण ठेवावे. पाठीचा कणा आधाराविना ताठ धरणे हे स्नायूंचे कामच असते आणि आधीच शिणलेल्या स्नायूंना ते आत्ता देण्याचे कारण नाही.

येथे एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्याची पद्धत उपयोगी पडते. १९२० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की माणसाला स्नायू सैल सोडता येत नाहीत याचे एक कारण म्हणजे ते आवळलेले आहेत हेच त्याला कळत नसते. म्हणून त्यांनी आधी ताण ओळखायला शिकवले. मूळ पद्धत फार लांबलचक होती. पुढे १९७० च्या दशकात तिचे १६ स्नायुगटांचे आटोपशीर रूप रुळले, त्यात एक गट पाच ते सात सेकंद आवळायचा आणि मग अर्धा मिनिट सैल सोडून पाहायचा असतो. सुरुवातीला १६ गटांच्या भानगडीत पडू नये. मुठी व दंड, खांदे, चेहरा, पोट, आणि मांड्या व पावले असे पाच पुरेत. आवळताना पूर्ण ताकद लावायची नाही, दुखऱ्या भागाला हात लावायचा नाही आणि सोडताना हळूहळू न सोडता एकदम सोडायचे. आवळलेली मूठ एकदम उघडली की बोटांच्या टोकांशी रक्त परत आल्याची ऊब जाणवते. त्या उबेवर अर्धा मिनिट लक्ष ठेवणे म्हणजे ध्यानाचा पहिला तुकडा होय, फक्त त्याला अजून तसे म्हटलेले नसते.

पायांना गोळे येण्याची सवय असेल तर पावले खाली न ताणता बोटे वर, स्वतःकडे ओढावीत.

पाचवी पायरी : श्वास, पण सोडण्यापासून

घाबरलेल्या माणसाला "खोल श्वास घे" असे सांगतात, तेव्हा तो छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि डोके हलके होणे, ओठांभोवती व बोटांना मुंग्या येणे, जीव घाबरा होणे हे सारे वाढते. म्हणून सुरुवात नेहमी श्वास सोडण्यापासून करावी.

कारण समजून घ्यायचे असेल तर मनगटावरची नाडी धरून बसावे. सावकाश श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सावकाश सोडताना लांबतात. पाच-सहा श्वासांत हा फरक बोटांखाली बऱ्याच जणांना कळतो, तरुणांमध्ये अधिक ठळक. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा लगाम हृदयावर घट्ट होतो. ज्या क्षणी लगाम लागतो तोच क्षण लांबवायचा, एवढीच यातली युक्ती आहे.

ओठ शीळ घालताना असतात तसे अर्धवट मिटून, हवा बारीक धारेने पूर्ण बाहेर जाऊ द्यावी. श्वास आत घेण्याची घाई करू नये. तो आपोआप नाकाने येईल तेवढाच येऊ द्यावा. चार मोजेपर्यंत आत आणि सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर हे प्रमाण पुष्कळांना जमते. हे आकडे गाठण्यासाठी गुदमरावे लागत असेल तर आकडे सोडून द्यावेत. मोजणेच नकोसे वाटत असेल तर तोंड मिटून हलका हुंकार धरावा. आवाज टिकवण्यासाठी श्वास आपसूकच लांबतो आणि छातीत उठणारे कंप मनाला धरायला काहीतरी देतात.

आणखी एक प्रकार म्हणजे दुहेरी सुस्कारा. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर लगेच आणखी एक छोटा श्वास भरायचा आणि तोंडाने लांबलचक सोडायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांकडून महिनाभर रोज पाच मिनिटे वेगवेगळे प्रकार करून घेतले होते. सगळ्यांचीच चिंता काही प्रमाणात उतरली, पण मनाची प्रसन्नता या सुस्काऱ्याने सर्वांत अधिक वाढली. गंमत अशी की रडून दमलेले मूल हेच न शिकवता करते.

श्वासाकडे लक्ष देताच काहींचा जीव घुसमटतो, विशेषतः ज्यांनी पूर्वी मोठा आघात सोसला आहे त्यांचा. त्यांनी ही पायरी निःसंकोच गाळावी, डोळे उघडे ठेवावेत आणि समोरच्या पाच वस्तूंची नावे, त्यांचे रंग आणि कडा सावकाश पाहत जावे.

सहावी पायरी : थोडेसे थांबणे

आता पुन्हा आकडा पाहावा. तो सुरुवातीपेक्षा दोन-तीन घरांनी खाली आला असेल तरच थांबून पाहावे. नसेल तर तिसऱ्या पायरीवर परत जावे, त्यात हार नाही. थांबायचे तेही एक मिनिट, जास्तीत जास्त दोन. डोळे जमिनीकडे सैल झुकलेले असावेत, मिटलेलेच असावेत असा आग्रह नाही. हात पूर्ण निश्चल ठेवण्यापेक्षा अंगठा तर्जनीवर सावकाश फिरवत ठेवला तर चुळबुळीला एक छोटी वाट राहते आणि बाकीचे अंग निवते.

गुडघा उडू लागलाच तर त्याला दाबून धरू नये. दहा वेळा मुद्दाम हलवावा, मग अर्ध्या वेगाने दहा वेळा, मग सोडून द्यावा. दाबलेली हालचाल जबड्यात किंवा पोटात जाऊन बसते, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो होतो, फक्त तेव्हा समजले नव्हते. आणि गजर वाजण्यापूर्वी, अजून थोडे बसवेल असे वाटत असतानाच उठावे. दोन मिनिटे सुखाने बसलेले शरीर उद्या पुन्हा बसायला तयार होते. वीस मिनिटे कोंडलेले शरीर होत नाही.

चार लोकांत असताना

बैठकीत किंवा प्रवासात भिंत ढकलता येत नाही. तेव्हा टेबलाखाली दोन्ही तळवे एकमेकांवर दाबावेत, किंवा खुर्चीची कड धरून स्वतःला खाली ओढावे, पावले जमिनीत रोवावीत आणि सोडून द्यावे. हे कोणाला दिसत नाही. स्वच्छतागृहात जाता आले तर चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांच्या आणि गालांच्या भागावर, गार पाणी धरून १५ ते ३० सेकंद श्वास रोखावा. पाण्यात बुडी मारताना हृदयाची गती मंदावते तोच प्रतिक्षेप यामुळे जागा होतो. हृदयविकार, मुळात मंद नाडी किंवा चक्कर येण्याची सवय असणाऱ्यांनी हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

रात्रीची गोष्ट वेगळी

अंथरुणावर पडून अर्धा तास झाला आणि अंग तळमळतेच आहे, तर पडून राहण्याने काही साधत नाही. अंथरूण हीच जागण्याची जागा, अशी शरीराची समजूत पक्की होत जाते. उठावे, मंद उजेडात दुसऱ्या खोलीत जावे आणि थेट तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी. जोरकस काही करू नये, घड्याळ पाहू नये, फोन हातात घेऊ नये. कपड्यांच्या घड्या घालणे हे मला यासाठी सर्वांत योग्य काम वाटते: दोन्ही हात चालतात, कापडाचा स्पर्श असतो, प्रत्येक घडीला एक छोटा शेवट असतो आणि चुकले तरी काही बिघडत नाही. सात-आठ घड्या झाल्या की हाताचा वेग आपोआप उतरतो. मग उभ्यानेच चार लांब श्वास सोडावेत, आणि पापण्या जड झाल्या असतील तरच अंथरुणाकडे वळावे. नसतील तर अजून थोडे कपडे घ्यावेत, घडी घातलेले मोडून पुन्हा घातले तरी चालतात.